विकायला नसलेला ब्रश

मित्रांनो, मी दाढीचा एक जुना ब्रश आहे आणि आजवर मला कोणीही विकत घेतलेले नाही. माझे वय पन्नासच्या आसपास असेल. ब्रशच्या मानाने हे फार झाले. रोज एका घरात राबणारा ब्रश पंधरा-वीस वर्षांत टक्कल पडून संपतो. मला हजारो माणसांनी हाताळले, पण प्रत्येकाने अर्धे मिनिट, फार तर एक मिनिट. म्हणून मी टिकलो.

माझे केस बॅजर नावाच्या प्राण्याचे आहेत. टोकाला पांढरे, मध्ये काळा पट्टा, मुळाशी पुन्हा पिवळसर पांढरे. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके कात्रीने कापत नाहीत. केस जन्मतः निमुळता असतो, तसाच ठेवला तर तो त्वचेला टोचत नाही. माझा झुबका बांधून, खोक्यात घालून जहाजाने आला. मूठ मात्र इथलीच. माउंट गॅम्बियर या आमच्या गावातल्या एका लाकूड-गिरणीत उरलेल्या, रेड गम नावाच्या झाडाच्या तुकड्यातून ती कातली गेली. तांबूस, जड, हातात बसणारी.

हे दोन्ही एकत्र आणले क्लेम हॉकिंगने. कमर्शियल स्ट्रीटवर औषधांच्या दुकानाला लागून त्याचे दुकान होते. वस्तरे, पाती, ब्रश, साबण, क्रीम, तुरटीचे खडे, आणि एका कोपऱ्यात पाइपचा तंबाखू. दुकानाच्या मागच्या खोलीत तो माझ्या मुठीत गोंद घालून झुबका बसवत होता, तेवढ्यात दाराची घंटी वाजली. गिऱ्हाईक आटोपून तो परत आला तोवर गोंद सुकून घट्ट झाला होता आणि माझा झुबका किंचित डावीकडे कलला होता. दाढीला त्याने काहीच फरक पडत नाही. पण क्लेमला तो कल दिसायचा.

"असला वाकडा मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही," तो म्हणाला आणि त्याने मला काउंटरवरच्या काचेच्या पेल्यात उभे केले. "हा हात लावून बघायला."

तेव्हापासून तेच माझे काम झाले.

आता दुकानाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. नवीन माणूस आत आला की क्लेम आधी विचारायचा, "पाणी कुठलं?" आमच्या गावाखाली सगळी चुनखडी आहे. गावातल्या नळांना तळ्याचे पाणी येते, आसपासच्या शेतांवर बोअरचे, आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या छपराखाली पावसाच्या पाण्याची टाकी असते. तिन्ही पाण्यांत साबण वेगवेगळा वागतो. पाण्यात चुना असला की साबण आधी त्या चुन्याशी जमून त्याचा चोथा होतो. उरला तर फेस. बोअरच्या पाण्यात बहुधा उरत नाही. म्हणून क्लेम पाणी ऐकून डबा निवडायचा आणि डब्याच्या बुडाला पेन्सिलीने खूण करायचा. बोअरसाठी आडवी रेघ, तळ्यासाठी गोल, टाकीसाठी काहीच नाही.

आल्बी नोस्के पहिल्यांदा दुकानात आला तो दिवस मला आठवतो. गावाच्या दक्षिणेला त्याची गुरे आणि बटाट्याची शेती होती. पुढच्या महिन्यात हिल्डाशी लग्न होते आणि तिने सांगितले होते की, गालाला गाल लावायचा असेल तर आधी दाढीचे काहीतरी बघ.

"पाणी कुठलं?" क्लेमने विचारले.

"मी साबण मागितला, पाणी नाही मागितलं."

"साबण कुठंही मिळतो. घरी पाणी कुठलं वापरतोस?"

"स्वयंपाकघरात टाकीचं. न्हाणीघरात बोअरचं. का? चहा पाजणार आहेस?"

क्लेमने मला कोमट पाण्यात भिजवले, एका वाटीत क्रीम घेऊन घोटले आणि आल्बीच्या मनगटावर गोल फिरवले. आल्बीचे हात रुंद होते, नखांत माती होती. त्या मनगटावर फेस असा उभा राहिला की त्याने तो वाकून बघितला.

"अरे, हे तर साय धरतंय."

"हेच ने. दर तीन महिन्यांनी ये."

आल्बी चाळीस वर्षांहून अधिक काळ दर तीन महिन्यांनी आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा "मागचंच दे" म्हणाला, आणि त्यानंतर तेही म्हणायची गरज उरली नाही. तो दारात दिसला की क्लेम आडव्या रेघेचा डबा काढून ठेवायचा. मग दोघे इथल्या फुटबॉलवर बोलायचे, ज्यात चेंडू हातातही धरतात.

"शनिवारी तुमच्या संघाने काय दिवे लावले, क्लेम!"

"तुमच्या गोलकीपरला चष्मा द्या आधी."

"गोलकीपर नसतो रे आपल्या खेळात. चाळीस वर्षं बघतोयस, कळलं नाही अजून?"

"तुमचा संघ बघून वाटतं, एखादा ठेवायला हवा."

क्लेमचा एक दोष होता, आणि मला तो आज उगाळावासा वाटतो. तो कारण सांगत नसे. "कारण सांगितलं की माणूस जांभया देतो," तो म्हणायचा, "डबा दिला की दाढी होते." त्यामुळे आल्बीला आपली दाढी चांगली होते एवढेच माहीत होते. ती का होते, हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारलेही नाही.

क्लेम गेल्यावर त्याची मुलगी ग्लेनिस काउंटरमागे उभी राहिली. लहानपणापासून ती तिथल्या स्टुलावर बसून अभ्यास करत आली होती. डब्यांवरच्या खुणा तिला पाठ होत्या. बापापेक्षा ती कमी बोलायची, पण बोललेले लागायचे. आल्बीला ती नावानेच हाक मारायची, जशी इथे सगळे मारतात, पण तो घरातल्या वडीलधाऱ्यासारखाच होता. येताना तो तिच्यासाठी लिंबे आणायचा, कधी घरी धुरावलेले सॉसेज.

तिच्या काळात आधी दुकान ओस पडले. लोक दाबून फवारायच्या फेसाचे डबे आणि फेकून द्यायची पाती सुपरमार्केटातून घेऊ लागले. कित्येक आठवडे मला कोणी भिजवतही नसे. माझ्या केसांत धूळ बसायची आणि ग्लेनिस सोमवारी ती फुंकरायची. मग एकाएकी तरुण मुलांना जुन्या पद्धतीच्या दाढीची हौस आली. दाराची घंटी पुन्हा वाजू लागली. मी मनात म्हटले, आपले दिवस परत आले.

तसे नव्हते. ती मुले मला मनगटावर फिरवत, डोळे मिटत, "वा" म्हणत. मग फोन काढत. शेजारच्या कपाटातल्या ब्रशांचे फोटो, साबणाच्या डब्यांवरच्या नावांचे फोटो. एक जण तर तिलाच विचारता झाला.

"हाच ब्रश ऑनलाइन किती दिवसांत येईल, काही कल्पना?"

"इथून तुझ्या हातात यायला चार सेकंद लागतील," ग्लेनिस म्हणाली.

"भारी आहात तुम्ही," असे म्हणून तो हसत निघून गेला.

मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. माझा स्पर्श हाच दुकानाचा दाखला होता. मी जितका चांगला लागे, तितके त्यांचे मन पक्के होई, आणि तितक्याच लवकर ते दुसरीकडून मागवत. मला वाईट लागता येत नव्हते. निमुळत्या केसाला टोचता येत नाही.

हिल्डा वारली त्यानंतर दोन वर्षांनी आल्बीचा उजवा हात थरथरू लागला. शेत त्याने शेजारच्या डेअरीवाल्याला कसायला दिले होते, पण घरात तो एकटाच राहत होता. मुलगा ब्रेट मेलबर्नला. गावातल्या आरोग्य केंद्राची एक नर्स दर गुरुवारी त्याच्याकडे येई.

"काय काय बघते ती?" ग्लेनिसने एकदा विचारले.

"रक्तदाब. मग फ्रिज उघडून बघते, आत काही कुजलंय का. मग माझी हनुवटी."

"हनुवटी?"

"अगं, हनुवटीवरून सगळं कळतं म्हणते. खुंटं वाढलेली दिसली की वहीत लिहिते. दोन-चारदा लिहिलं की मला उचलून वृद्धाश्रमात." तो हसला, पण डबा पिशवीत ठेवायला त्याला तीन प्रयत्न लागले. "म्हणून सकाळी उठलं की पहिलं काम दाढी. बाकी जग नंतर. जोवर मी माझी दाढी करतोय तोवर मी माझ्या घरात."

"हात जड जातो?"

"पातं फिरवायला वेळ लागतो. फेस मात्र बरोबर येतो बघ. फेस आला की पुढचं जमतं."

ग्लेनिसने त्याच्यासोबत दारापर्यंत जाऊन दार उघडून धरले.

त्या वर्षी ख्रिसमसच्या आठवडाभर आधी ब्रेट गावी आला आणि बापाला घेऊन दुकानात आला. ग्लेनिस आणि तो एकाच शाळेत होते. इथे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो, बाहेर ऊन कडक होते. आल्बीने टोपी काढली आणि नेहमीसारखी फुटबॉलची थट्टा न करता तो तुरटीच्या खड्यांकडे बघत उभा राहिला. मला तेव्हाच काहीतरी खटकले.

"ग्लेन! अजून इथंच तू?" ब्रेट म्हणाला.

"मी कुठं जाणार? तुझ्यासारखा मोठा माणूस थोडीच झाले."

"बाबांना काहीतरी भारीतलं द्यायचंय यंदा. त्यांचा ब्रश बघितलास का? सहा केस उरलेत त्याला."

"सात," आल्बी पुटपुटला.

ब्रेटने मला उचलले. मनगटावर फिरवले, मग गालावर. "मस्त आहे हा. बाबा, बघा." त्याने मला आल्बीच्या हातात दिले. आल्बीने मला धरले, पण मनगटाला लावले नाही. ब्रेटचा दुसरा हात खिशात गेला होता. फोन बाहेर आला. त्याने कपाटातल्या माझ्या भाऊबंदांचा फोटो काढला, मग साबणांच्या फळीचा.

"घरी जाऊन नीट ठरवतो," तो म्हणाला. "लाकडी वाटीसकट अख्खा संच मिळतो हल्ली. मी तोच साबण वापरतो मेलबर्नला, फेस काय येतो म्हणून सांगू!"

मेलबर्नचे पाणी मऊ आहे, त्यात चुना जवळजवळ नसतोच. तिथे कुठल्याही साबणाला फेस येतो.

मी ग्लेनिसकडे बघत होतो. ती आता विचारेल, असे मला वाटले. तिच्या बापाने प्रत्येक माणसाला पहिल्यांदा विचारलेला तो प्रश्न तिच्या ओठांवर होता, मला तो दिसत होता. मग तिने ब्रेटच्या फोनकडे पाहिले, आणि तिचे तोंड मिटले.

"ठरव," ती म्हणाली. "वेळ घे."

आल्बीने मला पेल्यात परत ठेवले. ठेवताना माझी मूठ काचेवर वाजत राहिली. "येतो गं," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने डबा घेतला नाही. मुलाच्या देखत घेणे त्याला बरे वाटले नसावे.

ते गेल्यावर ग्लेनिसने मला धुतले. नुसते हाताळलेल्या ब्रशला धुवायची गरज नसते.

पुढे काय झाले ते मला फार उशिरा कळले, पण तुम्हाला मी ओळीनेच सांगतो. जुन्या डब्याच्या तळाचे क्रीम आल्बीला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरले. मग ब्रेटने मागवलेले पार्सल आले. खोके देखणे होते. लाकडी वाटी, नवा ब्रश, चंदनाच्या वासाचा साबण. साबण उत्तम होता, हे मी मुद्दाम सांगतो. ऑनलाइन मिळते ते वाईट असते असे मला म्हणायचे नाही. फक्त त्या खोक्याने पाणी कुठले हे विचारले नव्हते. आल्बीने न्हाणीघराचा नळ सोडला आणि घोटायला लागला. वाटीत राखाडी चोथा आला. त्याने अजून साबण घेतला. पुन्हा चोथा. गालावर लावला तर तो ओघळला, आणि कोरड्या गालावर पाते ओढताना दोन ठिकाणी कापले. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या त्याला. ते तासभर थांबले नाही.

त्याने फोनवर मुलाला विचारले. मुलाने स्वतःच्या न्हाणीघरात फेस काढून त्याची चित्रफीत पाठवली. साबण तोच, वाटी तशीच, फेस शिगोशीग.

आल्बीने त्यावरून एकच अर्थ काढला. साबण चांगला आहे, वाटी चांगली आहे, ब्रेटला फेस येतो, मला येत नाही. म्हणजे माझा हात गेला.

दुकानात येऊन विचारावे असे त्याला अनेकदा वाटले. पण येऊन काय सांगणार? चाळीस वर्षे ज्यांच्याकडून घेतले त्यांना सोडून दुसरीकडचे घेतले, आणि आता ते चालत नाही? त्याला तोंड दाखवायची लाज वाटली.

आम्ही दुकानात एवढेच पाहिले की आल्बी आला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये एकदा तो समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसला. टोपी पुढे ओढलेली, मान खाली. टोपीखाली पांढरी दाढी होती, विस्कटलेली. ग्लेनिस काचेजवळ उभी होती. तिने हात वर केला असता तर त्याला दिसला असता.

"मुलाने फॅशन शिकवलेली दिसते," ती स्वतःशीच म्हणाली आणि वळली.

मला तिचा राग येत नाही. तो फुटपाथ तिने पाच वर्षे असाच पाहिला होता. तिच्या दुकानातून मनगट भिजवून गेलेली माणसे आठवडाभराने समोरच्या पोस्टातून खोकी घेऊन निघायची. त्या रांगेत तिने आल्बीलाही उभे करून टाकले.

मे महिन्यात तिने दारावर पाटी लावली. जूनअखेर दुकान बंद. लोक हळहळत आले. "अरेरे, गावातलं शेवटचं असं दुकान," म्हणाले. त्यांतल्या निम्म्यांची तोंडे मला फोनच्या मागची म्हणून माहीत होती.

जूनच्या थंडीत एका सकाळी व्हॅल आली. व्हॅल आल्बीच्या शेजारची, त्याचे घर झाडून पुसून द्यायची. तिला नवऱ्यासाठी तुरटी हवी होती.

"आल्बी कसे आहेत?" ग्लेनिसने विचारले. आवाज तिने सहज ठेवला होता.

"तुला माहीत नाही? गेले ना ते वृद्धाश्रमात. तीन आठवडे झाले."

"का? पडले?"

"पडले नाहीत गं, काही नाही. हात गेला. नर्सने दाढी वाढलेली बघितली दोन-तीनदा, पण ती काही बोलली नव्हती. यांनीच तिला सांगितलं, आता मला साधा साबणाचा फेस काढता येत नाही, उद्या चूल पेटवताना काय करीन सांगता येत नाही. घरही विकलं डेअरीवाल्याला. शुक्रवारी सही झाली."

ग्लेनिस तुरटी कागदात गुंडाळत होती. ती थांबली.

"कुठल्या साबणाचा फेस?"

"तो ब्रेटने पाठवलेला. भारी खोकं आहे, लाकडी वाटी बिटी. का गं?"

ग्लेनिसने अर्धवट गुंडाळलेली तुरटी काउंटरवर ठेवली. मग तिने विचारले, "त्यांच्या घराची किल्ली आहे तुझ्याकडे?"

"महिनाअखेरपर्यंत आहे."

"मला दोन बाटल्या पाणी आणून दे. एक न्हाणीघरातलं, एक स्वयंपाकघरातलं. वर लिहून आण कुठलं कुठलं ते."

"बरी आहेस ना तू?"

"आण गं."

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलेच नाही. मला आणि दोन वाट्यांना पिशवीत घातले, व्हॅलने आणून दिलेल्या बाटल्या घेतल्या आणि वृद्धाश्रमात गेली. आल्बीची खोली गरम होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती. तो खुर्चीत बसला होता. दाढी नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथला एक माणूस सगळ्यांच्या गालांवरून विजेचे यंत्र फिरवत असे.

ग्लेनिसला बघून त्याने आधी कपाटाकडे पाहिले. वर ते देखणे खोके होते.

"ग्लेन, मी तुला सांगणार होतो..."

"काही सांगू नका. मला फक्त फेस काढून दाखवा."

"नाही येत गं. थट्टा करतेस का म्हाताऱ्याची?"

"आल्बी, थट्टा करायची असती तर फुटबॉल होता की. काढा."

तिने खोक्यातला साबण काढला. एक वाटी त्याच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवली, पहिल्या बाटलीतले पाणी गरम करून ओतले आणि मला त्याच्या हातात दिले. तो घोटू लागला. दोन मिनिटांनी वाटीत फाटलेल्या दुधासारखा चोथा होता.

"बघ. रोज हेच," तो म्हणाला. त्याने वाटी ढकलली.

तिने मला बेसिनमध्ये स्वच्छ धुतले. दुसरी वाटी ठेवली. साबण तोच. दुसरी बाटली.

"पुन्हा."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

त्याचा हात आधीइतकाच थरथरत होता. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी त्या हातात होतो. पण विसाव्या की बाविसाव्या फेऱ्याला माझ्या केसांत काहीतरी भरू लागले. मग ते काठाला आले. मग वाटीबाहेर, त्याच्या बोटांवर, पेरांवर, पांढरे, घट्ट, उभे राहणारे. तो थांबला. त्याने वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"ही बाटली कुठली?"

"तुमच्या स्वयंपाकघरातली. टाकीचं पाणी. पहिली न्हाणीघरातली, बोअरची. त्या पाण्यात हा साबण चालत नाही. आम्ही तुम्हाला देत होतो तो बोअरसाठीचाच होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"स्वयंपाकघर बारा पावलांवर आहे गं." त्याने बोटे मिटली, फेस मुठीतून बाहेर आला. "बारा पावलं. मध्ये एक दार."

ग्लेनिस पलंगाच्या कडेला बसली.

"त्या दिवशी ब्रेट आला तेव्हा मी विचारणार होते," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं. मला राग आला होता म्हणून नाही विचारलं."

"मला लाज वाटली होती म्हणून मी नाही आलो."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा पीं पीं आवाज येत राहिला.

"सही रद्द होते का, विचारू का मी कुणाला?" तिने विचारले.

"डेअरीवाल्याचा मुलगा बायकोला घेऊन राहायला येतोय तिथं. परवा येऊन आभार मानून गेला. पोराला काय सांगू, फेस आला म्हणून?" त्याने मान हलवली. "आणि ब्रेटला यातलं काही कळू देऊ नकोस."

"का?"

"चांगल्या मनाने पाठवलं होतं त्याने."

जाताना ग्लेनिसने तिथल्या बाईंना विचारले, यांना स्वतःची दाढी स्वतः करू द्याल का. बाई भल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितले की, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणि थरथरता हात असताना इथे पाते देता येत नाही, नियमच आहे. ग्लेनिस खोलीत परत आली आणि तिने मला खिडकीतल्या पेल्यात उभे केले. पाण्याची बाटलीही ठेवली.

ती दर रविवारी येते आणि नवी बाटली देऊन जाते. तिच्या घरच्या टाकीचे पाणी असते ते. दुकानाच्या जागी आता फोन दुरुस्त करणारे कोणीतरी बसते म्हणे.

आल्बी रोज सकाळी उठून आधी मला भिजवतो. वाटी मांडीवर घेतो आणि घोटतो. फेस येतो, रोज येतो. तो गालाला लावत नाही. हातात वाटी धरून बघत बसतो. चांगला फेस दहा-बारा मिनिटे उभा राहतो. मग वरचे बुडबुडे फुटू लागतात, खाली पाणी साचते, आणि न्याहारीची गाडी दाराशी येते तोवर वाटीत पांढरट पाणी उरलेले असते. ते तो बेसिनमध्ये ओततो.

मित्रांनो, वस्तू कुठूनही घ्या. दुकानातून घ्या, घरबसल्या मागवा. मी एक ब्रश, मी तुम्हाला बाजार शिकवणार नाही. पण एखादे रोजचे काम अचानक हातून होईनासे झाले, तर आपणच संपलो असे ठरवू नका. कोणाला तरी जाऊन विचारा, लाज वाटली तरी विचारा. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने समोरचा माणूस आपले गिऱ्हाईक राहिले आहे की नाही हे मोजत बसू नये. एका वाक्याचे काम असते. ते वेळेवर बोलले गेले नाही, तर नंतर त्याचे काय करायचे ते मला तरी ठाऊक नाही.

फेस ओतून झाला की आल्बी मला कोमट पाण्यात तीनदा बुडवून काढतो, हलकेच झटकतो, टॉवेलवर टिपतो, बोटांनी माझे केस मोकळे करतो आणि हवा लागेल असा खिडकीत ठेवतो. पन्नास वर्षांत माझी एवढी निगा कोणी राखली नव्हती. ती आता कशासाठी, हे तो मला सांगत नाही, आणि मलाही त्याला विचारता येत नाही.